कुलूप द्यावे, किल्ली नव्हे

माझा एक जुना विद्यार्थी जावा शिकून एका संस्थेत लागला आहे. शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी रोज रात्री दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणारा त्याचा प्रोग्राम त्याने मला कौतुकाने दाखवला. सर्व्हरचा पासवर्ड त्यातच, उघड्या अक्षरांत.

"सर, कोण बघतंय?"

मी बघत होतो. शिवाय त्याच प्रोग्रामच्या प्रती आणखी तिघांकडे होत्या. त्या यादीत मुलांची नावे, जन्मतारखा, बँक खाती. आईबाप पासबुकाची झेरॉक्स घेऊन रांगेत उभे राहिले, तेव्हा कुठे ती तयार झाली. ही अमानत आहे.

मी भाषेचा मास्तर, पण शाळेचा संगणक कक्ष वर्षानुवर्षे माझ्याच गळ्यात आहे, म्हणून थोडे कळते. एसएसएचचा जन्मच पासवर्डचोरीतून झाला. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपले आणि १९९५ मध्ये तिथल्या तातू यिलोनेन यांनी हा मार्ग लिहिला. त्यात किल्ल्यांची जोडी असते, एक खासगी आणि एक सार्वजनिक. 'सार्वजनिक किल्ली' हा शब्दच गोंधळाचा. ते खरे तर कुलूप आहे (आपले कुलूपही अरबी कुफ्लवरूनच आलेले). ते सर्व्हरच्या दारावर, म्हणजे 'ऑथोराइज्ड कीज' फाइलमध्ये, खुशाल लावावे. किल्ली आपल्या मशीनबाहेर जाऊ नये.

जावात जेएससीएच लायब्ररीला 'अ‍ॅड आयडेंटिटी'ने खासगी किल्लीची जागा सांगितली की पासवर्डची ओळ काढून टाकता येते. जुनी जेएससीएच मात्र ओपनएसएसएचच्या २०१८ पासूनच्या नव्या साच्यातली किल्ली 'इनव्हॅलिड' म्हणून नाकारते. नवी आवृत्ती घ्यावी.

एवढे त्याने केले. मग 'अननोन होस्ट की' अशी चूक आली. त्याने इंटरनेटवर शोधून 'स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग'पुढे 'नो' लिहिले. काम चालू!

माझा खरा राग या 'नो'वर आहे. सर्व्हरने आपल्याला ओळखायचे आणि आपण सर्व्हरला ओळखायचे नाही? मध्येच कोणी तोतया सर्व्हर उभा केला, तर किल्ली त्याच्या हाती लागणार नाही हे खरे. सही त्या जोडणीपुरतीच असते, ती पुढे वापरता येत नाही. पण तोतयाला किल्ली हवीच कशाला? तो "या, आत या" म्हणेल आणि प्रोग्राम सगळी यादी त्याच्या हवाली करेल. लॉगमध्ये 'यशस्वी' असेच दिसेल.

उपाय पाच मिनिटांचा आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून होस्ट कीचा फिंगरप्रिंट विचारायचा, जुळला तर ती की 'नोन होस्ट्स' फाइलमध्ये ठेवायची आणि 'सेट नोन होस्ट्स'ने प्रोग्रामला दाखवायची. पुढे कधी की बदलली तर प्रोग्राम अडेल. अडू दे, पुन्हा फोन करायचा.

त्याने ते केले. खासगी किल्लीची परवानगीही ६०० केली, म्हणजे त्याच्याशिवाय दुसऱ्या वापरकर्त्याला ती वाचता येत नाही. आता राहिला तो तिघांकडचा जुना पासवर्ड. तो सर्व्हरवर बदलायचा अर्ज त्याने माझ्यासमोरच लिहिला, मराठीत. दोन ठिकाणी शुद्धलेखन मी दुरुस्त केले.