दोन ओपीडींच्या मधला आजार

२२ फेब्रुवारी हा जागतिक एन्सेफलायटिस दिन. मेंदूज्वर म्हटला की आपल्याला डास आणि विषाणू आठवतात. पण शरीराची प्रतिकारशक्तीच उलटली, तरी मेंदूला सूज येते. या ऑटोइम्यून प्रकाराची सुरुवात अनेकदा तापाने नव्हे, तर संशयाने, भासांनी, अनावर बडबडीने होते. साहजिकच रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात; आपल्याकडे कित्येकदा त्याआधी देवऋषाकडे.

जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करणारी प्रतिपिंडे दाखवून दिली. त्यांच्या १२ रुग्ण स्त्रियांपैकी ११ जणींच्या बीजांडकोशात टेराटोमाची गाठ होती. वेड पोटातून आले होते म्हणा ना! २००९ मध्ये न्यूयॉर्कची तरुण पत्रकार सुझाना कॅहलन अशीच भ्रमिष्ट झाली. डॉ. सौहेल नज्जर यांनी तिला घड्याळ काढायला सांगितले, तेव्हा तिने सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने भरले. कागदावरची डावी बाजू कोरीच! मेंदूचा उजवा भाग सुजल्याचा सुगावा त्यातून लागला.

मग याला मनोविकारांच्या सूचीत स्वतंत्र जागा का नको? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, हा आजार मज्जासंस्थेच्या प्रकरणात आहे; मानसिक बाजू ‘दुय्यम’ लक्षण म्हणून वेगळी नोंदवायची. २०२० मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ‘ऑटोइम्यून सायकोसिस’चे निकष मांडले. स्वतंत्र नोंद केली तर हे निदान सरसकट होऊ लागेल, ही विरोधकांची भीतीही पोकळ नाही. ऑटोइम्यून एन्सेफलायटिसचे निदान चुकीने झालेल्या १०७ रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांतल्या अनेकांना प्रत्यक्षात मनोविकार किंवा फंक्शनल विकार होता. रक्तात जराशी प्रतिपिंडे सापडली की स्टिरॉइड सुरू करणे, हाही रुग्णावरचा अन्यायच.

तरीही आमचा कौल स्वतंत्र नोंदीच्या बाजूने आहे, मात्र निकष कडक हवेत. वेळीच उपचार झाले तर बहुतेक रुग्ण सावरतात; उशीर महागात पडतो, आणि काहींना सायकोसिसच्या औषधांनीच अंग ताठरण्याचा त्रास होतो. चार दिवसांत पालटलेली तरुण मुलगी, सोबत झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, बोलणे बंद: एवढे दिसले की मानसोपचार विभागातच पाठीतले पाणी तपासायचा निर्णय व्हायला हवा. ‘पाठीत सुई टोचली की माणूस अधू होतो,’ म्हणणाऱ्या नातेवाइकांची समजूतही तिथेच घालावी लागेल, आणि त्यासाठी न्यूरॉलॉजीच्या चिठ्ठीची वाट पाहून चालणार नाही.