राहते घर की लॉज? डमडमचा प्रश्न आपलाही आहे

डमडम म्हटले की जुन्या वाचकांना तेथील दारूगोळ्याचा कारखाना आठवतो, नव्यांना विमानतळ. सियालदह मार्गावरील जंक्शन, १९८४ पासूनची मेट्रो आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नोआपाड्याहून थेट विमानतळाला जोडलेली नवी मेट्रो यांमुळे येथे माणसांची ये-जा अखंड चालते. प्रवासी आला की मुक्काम आला आणि मुक्काम आला की भाडे आले. राहती सदनिका महिन्याच्या भाड्याने न देता मोबाईलवरील कंपन्यांमार्फत रात्रीच्या हिशेबाने देण्याची प्रथा इतर शहरांप्रमाणे येथेही शिरली आहे. मुंबई, पुणे, लोणावळा, नाशिक यांना ती नवी नाही. म्हणून गाव बंगालचे असले तरी प्रश्न आपलाही आहे.

घरमालकाने नियम पाळायचे ठरवले तर त्याने जावे कोठे? एकट्या डमडम या नावाच्या नगरपालिका तीन : डमडम, दक्षिण डमडम आणि उत्तर डमडम. पोलिसांच्या हद्दीही दोन. डमडम ठाणे बराकपूर आयुक्तालयात, तर विमानतळ ठाणे बिधाननगर आयुक्तालयात. धंद्याचा परवाना नगरपालिकेचा, भाडेकरूची माहिती पोलिसांना, होमस्टेची नोंदणी पर्यटन खात्याकडे, आणि पाहुणा परदेशी असेल तर २४ तासांत त्याची स्वतंत्र नोंद. त्यावर इमारतीच्या सोसायटीची परवानगी वेगळीच. परिणाम असा की, सरळ माणसाच्या चपला झिजतात आणि चलाख माणूस एकही उंबरठा चढत नाही.

नियमच नकोत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जून २०२१ मध्ये डमडमपासून जवळच्याच न्यू टाउनमध्ये पंजाबचे दोन फरारी गुंड पोलीस चकमकीत मारले गेले. मे २०२४ मध्ये त्याच न्यू टाउनमधील एका सदनिकेत बांगलादेशचे खासदार अन्वरुल अझीम यांची हत्या झाल्याचे तपासात पुढे आले. दोन्ही ठिकाणे लॉज नव्हती. भाड्याने घेतलेल्या सदनिका होत्या. शेजारी कोण राहतो हे भिंतीपलीकडच्या कुटुंबाला ठाऊक नसावे, ही स्थिती कोणालाच परवडणारी नाही. १८६७ च्या सराय कायद्यातही सरायवाल्याला नोंदणी सक्तीची होती. मग आजच्या सदनिकेला ती का नसावी? फक्त नोंदणीच्या नावाखाली गरीब भाडेकरूला, परप्रांतीय मजुराला चौकीत खेपा घालायला लावणे आम्हाला मान्य नाही.

खरा भेद सरकारच्याच योजनेत सापडतो. केंद्राच्या न्याहारी-निवास योजनेत जास्तीत जास्त सहा खोल्या व बारा खाटा चालतात, आणि घरमालकाने कुटुंबासह त्याच घरात राहावे लागते. मालक घरात राहून दोन खोल्या पाहुण्याला देतो तो गृहस्थ. पाच-दहा सदनिका घेऊन, कुलपाची किल्ली दलालाकडे ठेवून, रात्रीचा दर लावतो तो लॉजवाला. दोघांना एकच नियम लावणे हा अन्याय आहे, आणि दुसऱ्याला कोणताच नियम न लावणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. परवाना काढून, अग्निशमनाची साधने बसवून लॉज चालवणाऱ्याने आणि तेथे राबणाऱ्या कामगाराने मग करायचे काय?

जगाने हा भेद ओळखला आहे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्याला नोंदणी आणि मालकाची घरातील हजेरी सक्तीची केली. लंडनमध्ये संपूर्ण घर परवानगीविना वर्षाला ९० रात्रींपर्यंतच देता येते. बार्सिलोनाने २०२८ अखेर पर्यटक सदनिकांचे परवाने बंद करण्याचा निर्णय जून २०२४ मध्ये जाहीर केला. ही सारी शहरे पाहुण्यांवर जगणारी आहेत. तरीही स्थानिक कष्टकऱ्याला भाड्याचे घर मिळेना, तेव्हा त्यांना जाग आली.

रेल्वे-टपाल कामगाराचा येथेच संबंध येतो. बदली झाली, क्वार्टर मिळाले नाही, तर त्याच्या हाती घरभाडे भत्ता उरतो. कोलकाता आणि मुंबई ही दोन्ही शहरे एक्स वर्गातली. जानेवारी २०२४ पासून तेथे मूळ वेतनाच्या ३० टक्के भत्ता आहे. पण जी सदनिका आठ-दहा रात्रींत महिन्याचे भाडे वसूल करते, ती मालक आपल्याला का देईल? भत्ता वाढवून घेण्याची लढाई आपण जिंकायची आणि घरेच बाजारातून नाहीशी व्हायची, तर त्या विजयाचा उपयोग काय?

दुसरी बाजूही आपल्याच घरातली आहे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी ओतून घेतलेले घर हाच अनेक निवृत्तांचा आधार असतो. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना तर जुने निवृत्तिवेतनही नाही. अशा माणसाने एक खोली पाहुण्याला दिली म्हणून त्याला गुन्हेगार ठरवू नये. परंतु सेवेत असलेल्या बंधु-भगिनींना आमचा स्पष्ट इशारा आहे. सरकारी क्वार्टर एका रात्रीसाठीही पोटभाड्याने देणे हे वर्तणूक नियम १५-अ चा भंग आहे, मग तो रेल्वेचा १९६६ चा नियम असो वा टपालाला लागू असलेला १९६४ चा. स्वतःच्या मालकीच्या घरातही रात्रीच्या भाड्याचा व्यवहार पूर्वपरवानगीविना केलेला खाजगी धंदा ठरवला जाऊ शकतो. आधी लेखी विचारावे. चार पैशांपायी नोकरी धोक्यात घालू नये.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. नगरपालिकेत एकच खिडकी, एकच अर्ज आणि अल्प शुल्क असावे; पोलीस व पर्यटन खात्याला माहिती तेथूनच जावी. मालक राहत असलेल्या एका घराला सवलत द्यावी. त्यापलीकडच्या प्रत्येक सदनिकेला लॉजचे नियम व कर लावावेत. नोंदणी क्रमांकाविना घर जाहिरातीत दाखवणाऱ्या कंपनीला दंड व्हावा, कारण नफा तिचा आणि भुर्दंड शेजाऱ्याचा, हे चालणार नाही. अशा घरांत झाडलोट व धुलाई करणाऱ्या बायकांना किमान वेतन मिळावे. आणि रेल्वे व टपाल प्रशासनाने पडीक क्वार्टर दुरुस्त करून द्यावेत.

डमडम असो की दादर, घर आधी राहण्यासाठी असते. हे सूत्र नियमात उतरवायला नगरपालिकांना भाग पाडायचे, तर स्थानिक शाखांनी हा विषय आपल्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतलाच पाहिजे.