पाहुण्यांनी लिहिलेलं गाव

1910 ते 1918 या काळातली शिर्डी आपल्याला पाठ आहे, असं आपण धरून चालतो. मशीद, चावडी, काकड आरती, गुरुस्थानचा निंब. पण हे सगळं आपल्याला सांगितलं कोणी?

अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे टिळकांचे सहकारी. टिळकांच्या अपिलासाठी लंडनला जाऊन ते 1910 मध्ये परतले आणि त्याच डिसेंबरात शिर्डीला आले. पुढे डिसेंबर 1911 ते मार्च 1912 असा त्यांचा लांब मुक्काम घडला. रोज कधी उठलो, मशिदीत काय झालं, वाड्यात कोण आलं, कोणता ग्रंथ वाचला हे त्यांनी इंग्रजीत टिपून ठेवलं. त्याच दिवशी लिहिलेला, कोणाला पटवायचं नाही असा कागद म्हणून मला ही रोजनिशी मोलाची वाटते. ‘श्री साईसच्चरित’ वेगळं. गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी ते साईबाबांच्या समाधीनंतर ओवीबद्ध केलं. त्यात श्रद्धा पुढे आणि तारखा मागे. तरीही गावाची पटकीशी गाठ कशी पडली, ते तिथेच दिसतं. बाबा जात्यावर गहू दळायला बसतात, चार बाया पुढे होऊन खुंटा हातात घेतात, आणि पीठ जाऊन पडतं गावाच्या शिवेवर.

त्या चौघींची नावं पोथीत नाहीत.

इथेच माझी अडचण सुरू होते. खापर्डे, दाभोलकर, सॉलिसिटर हरि सीताराम दीक्षित ही सारी बाहेरून आलेली, शिकलेली, वाड्यांत उतरणारी मंडळी. 1878 च्या दौंड-मनमाड लोहमार्गावर कोपरगावला उतरायचं आणि टांग्याने गोदावरीपलीकडे यायचं. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, पण पाहुण्याला ओसरी दिसते, माजघर दिसत नाही. बाबांना तेल नाकारणारा वाणी पोथीत आहे, त्याची खतावणी नाही. नांदेडहून आलेल्या अब्दुलने बाबांजवळ बसून उतरवलेली उर्दू वही मात्र होती. मारियान वॉरेन यांनी तिचं इंग्रजी भाषांतर 1999 मध्ये छापलं, तोवर अभ्यासकांनी तिच्याकडे फारसं पाहिलंच नव्हतं. मशिदीतली वही मशिदीबाहेर यायला एवढा वेळ लागावा, याचं मला अजून नवल वाटतं.

खापर्डे शिर्डीत होते त्याच दशकात या मुलखाचं नशीब पालटत होतं. दारणा धरण 1916 मध्ये पुरं झालं, नांदूरमध्यमेश्वरहून गोदावरीचे कालवे निघाले, ज्वारी-बाजरीच्या रानात पुढे ऊस आला. पाणी कोणाच्या शेतात आधी शिरलं आणि कोणाचं रान कोरडं राहिलं, हे आरतीच्या वर्णनात मिळणार नाही. ते पाटपाण्याच्या पावत्यांत, मोडीतल्या खरेदीखतांत, सावकाराच्या वहीत, शाळेच्या जुन्या हजेरीपटात मिळेल.

आणि नेमके हेच कागद दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून उतरतात आणि रद्दीत जातात. म्हणून राहाता-कोपरगावच्या वाचकांना विनंती: पत्र्याच्या पेट्या आधी उघडून पाहा. कागद आम्हाला देऊ नका, फक्त छायाचित्रं काढू द्या. मोडी येत नसेल तर अडू नका. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे, जाणकारांचा पत्ता तिथे लागेल. आणि कृपा करून, आजोबांच्या सहीचा कागद मिळाला की हौसेने लगेच लॅमिनेट करून आणू नका.