दप्तरातील नवा उमेदवार

अमेरिकेत इमिग्रेशनच्या कायद्याचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या दप्तरांत जो लॉ क्लार्क नव्याने रुजू होतो, त्याची निवड करताना आपण ज्येष्ठ मंडळी त्याची गुणपत्रिका ज्या बारकाईने न्याहाळतो, तिच्या दशांशानेही तो कोठे वाढला, घरी कोणती भाषा ऐकत मोठा झाला आणि फावल्या वेळी काय वाचतो याची विचारपूस करीत नाही, हे आमच्या मते व्यवसायाच्या हिताचे नाही.

१९५२ चा मूळ कायदा कितीही जटिल असला तरी कोणताही मेहनती विद्यार्थी तो कालांतराने आत्मसात करतो; पक्षकाराची कैफियत मात्र ऐकूनच घ्यावी लागते. आश्रय मागणाऱ्यास अर्जासाठी सामान्यतः एका वर्षाची मुदत, सरकारी खर्चाने वकील नाही, आणि २००५ च्या रिअल आयडी कायद्यानुसार कथनातील विसंगती दाव्याच्या गाभ्याशी संबंधित नसली तरी तिच्यावरून न्यायाधीशास अर्जदार अविश्वसनीय ठरविता येतो. अशा स्थितीत, ज्याने आयुष्यभर काळ पेरणी-कापणीने मोजला त्या शेतकऱ्याकडून नेमकी तारीख वदवून घेणारा कारकून त्याचा खटला मसुद्यातच बुडवितो. ‘पेरणी आटोपल्यानंतर’ एवढेच लिहून थांबण्याचे तारतम्य गावाकडे वाढलेल्याला, किंवा निदान आत्मचरित्रे गोडीने वाचणाऱ्याला, अधिक असते.

आपल्या मराठी पक्षकारांचेच दप्तर उघडा. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, काकांच्या दाखल्यावर १ जून, आत्याच्याही १ जून! हे पाहून अनभिज्ञ उमेदवारास बनावटीचा संशय येतो. जाणकारास मात्र ठाऊक असते की, जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी सोयीने तीच तारीख मांडीत, आणि मग तो मुकाट्याने जन्मनोंदीचे अनुपलब्धता-प्रमाणपत्र व वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे मिळविण्याच्या उद्योगास लागतो. लग्नात नाव बदललेली आई कागदोपत्री दोन भिन्न स्त्रिया होऊन बसते, तेव्हाही हीच जाण उपयोगी पडते. तथापि मातृभाषा एक असली की काम भागते, हा भ्रम नसावा. स्वभाषिक कारकून पुष्कळदा पक्षकाराचे वाक्य स्वतःच पुरे करून टाकतो, आणि तो दोष परक्याच्या अज्ञानाहून घातक होय.

म्हणून मुलाखतीत कलमे विचारून झाल्यावर भगतसिंग थिंद कोण, हेही विचारावे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सेवा करूनही १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वंशाच्या कारणावरून नागरिकत्वास अपात्र ठरविले, आणि हिंदी लोकांना ते दार १९४६ च्या कायद्याने उघडले, तेही वर्षाला अवघ्या १०० जणांच्या प्रवेशमर्यादेसह, हे ज्याने परीक्षेचा धाक नसताना वाचले आहे, त्याला चार गुण कमी असले तरी खुशाल नेमावे. पहिले काही आठवडे त्याच्या हाती नमुना-अर्ज न देता त्याला ज्येष्ठांशेजारी बसवून केवळ ऐकू द्यावे, आणि या काळाचा पगार कापू नये, एवढी वाचक वकीलबंधूंना व भगिनींना आमची विनंती आहे.