घर आणि एस.टी.

आमचे घर शिरूर अनंतपाळला आणि नोकरी लातूरच्या कॉलेजात. मधला सारा वेळ एस.टी.चा! सकाळी इस्त्रीचा सदरा घालून निघावे आणि तो चुरगळलेला घेऊन उतरावे. “लातूरलाच बिऱ्हाड का करीत नाही?” असे स्नेही विचारतात. सौ. मात्र विचारीत नाही. तिला कारण ठाऊक आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून सारे निजले होते. किल्लारीच्या त्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे यांनीच झोपेतल्या हजारोंना गाडले. आमचे माळवद तगले. पण आई त्याखाली पुन्हा निजली नाही. अखेर वडिलांनी ते उतरवून पत्रे घातले. उन्हाळ्यात घर तापते, पावसात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. आईला मात्र तेथेच झोप लागते. लातूरच्या तिसऱ्या मजल्यावर ती कशी लागावी?

यंदा कर्ज काढून सिमेंटचे घर बांधण्याचे मी भीतभीत सुचविले. आई म्हणाली, “बांध की बाबा. पण माझी खोली पत्र्याचीच ऱ्हाऊ दे.”

दिवाळीनंतर पाया खणायचा आहे. हप्ते फिटेपर्यंत, आणि पुढेही, एस.टी. आहेच!