रोखीचा दंड

परवा कंबर शेकायला रबरी पिशवी मागवली. किंमत ३४९ रुपये. शेवटच्या पानावर पोचेपर्यंत झाले ३५८. चष्मा पुसून पाहिलं, तर 'रोख हाताळणी शुल्क' ९ रुपये! मंडळी, नऊ रुपयांनी मी भिकेला लागणार नाही. पण हा दंड कशाबद्दल? ज्या नोटेवर तिची किंमत मराठीतूनसुद्धा छापलेली असते, ती हातात घ्यायचे वेगळे पैसे?

मुलगा म्हणतो, "बाबा, फोनवरून द्या ना. तुम्ही उगाच घाबरता." घाबरतो, खरं आहे. ओटीपी सांगून बसलेली आणि खातं रिकामं झालेली माणसं आमच्याच कट्ट्यावर आहेत.

आमच्या पिढीला ही पद्धत नवी नाही. आम्ही पुण्यामुंबईहून व्ही.पी.पी.ने पुस्तकं मागवायचो. पोस्टमन दारात, पैसे मोजायचे, सही करायची, पार्सल ताब्यात. फ्लिपकार्टने २०१० साली घरपोच रोखीची सोय आणली, तेव्हा मला जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. कार्ड नसलेल्या, विश्वास न बसलेल्या लोकांना या दुकानांनी याच सोयीवर जोडलं. आता गिऱ्हाईक बांधलं गेलं, तर त्याच्याकडूनच वसुली!

कंपन्यांचं म्हणणं, रोकड गोळा करायला, मोजायला, बँकेत भरायला खर्च येतो. शिवाय लोक दारातून माल परत पाठवतात. येत असेल खर्च, आणि परत पाठवणाऱ्यांचं कौतुक मलाही नाही. मग पहिल्याच पानावर तसं सांगा की. आधी कमी किंमत दाखवायची आणि शेवटी आकडा फुगवायचा, हे तर केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी दिली, तिच्यात आहे.

पण माझं खरं भांडण माझ्यासाठी नाहीच. आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात. त्यांचं बँकेत खातं आहे, पण त्याला जोडलेला नंबर मुलाचा. त्यांनी दहा रुपये काढले तरी मेसेज त्याला जातो, आणि संध्याकाळी घरात चौकशी. म्हणून त्या नोटा साठवतात, तांदळाच्या डब्यात. मागच्या महिन्यात आमच्या पत्त्यावर, माझ्या नावाने त्यांनी कुकर मागवला. स्वतःच्या पसंतीचा, स्वतःच्या पैशाचा, कुणाला न विचारता. रोख बंद झाली किंवा महाग झाली, तर या बाईने खरेदी करायची कुठून? 'जगाबरोबर चला' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. मला तरी कुणी दिलेलं नाही.

कुकरवरही ते नऊ रुपये लागले होतेच. मी म्हटलं, "मावशी, वरचे मी देतो."

"नको सर, मोजून आणलेत," म्हणाल्या, आणि पदराच्या गाठीतून चार नाणी काढून पोराच्या हातावर ठेवली.