दूषित नमुना, निर्दोष प्रशासन

सरकारी रुग्णालयात लघवीच्या कल्चरचा अहवाल ‘संमिश्र जंतूंची वाढ, नमुना पुन्हा पाठवावा’ असा आला, की दोष कोणाचा हे आधीच ठरलेले असते. बाई अडाणी, तिला नमुना नीट देता आला नाही! मग ती शेतमजूर बाई आणखी एका दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा रांगेत उभी राहते.

हा निवाडा खोटा आहे. पहिली धार सोडून मधल्या धारेची लघवी निर्जंतुक बाटलीत घ्यावयाची असते, हे तिला तिच्या भाषेत कोणी सांगितले काय? संडासात पाणी होते काय? दाराला कडी तरी होती काय? आणि बाटली तिच्या हातून गेल्यानंतर काय घडले, हा तर खरा प्रश्न. नमुना दोन तासांत तपासणीस लावावा, ते न जमल्यास फ्रीजमध्ये ठेवावा, हे पाठ्यपुस्तकातले साधे कलम. दुपारपर्यंत टेबलावर तापत पडलेल्या बाटलीत कातडीवरचे थोडेसे जंतू बेसुमार वाढतात. मिलिलिटरमागे एक लाख जंतू हा एडवर्ड कॅस यांनी १९५६ साली मांडलेला दंडक मग रोग नसतानाही रोग दाखवितो.

अमेरिकेतील १२७ प्रयोगशाळांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. दूषित नमुने सरासरीने शेकडा १५ निघाले. परंतु काही ठिकाणी चाळिसांवर, तर काही ठिकाणी एकाहूनही कमी. नमुने थंड ठेवले जात तेथे दूषण कमी होते. रोग्यांच्या अडाणीपणात एवढी तफावत असते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

पैसा नाही, हे उत्तर ठरलेलेच. खोट्या अहवालावर दिलेल्या प्रतिजैविकांना पैसा लागत नाही की काय? शिवाय त्यांच्या अनाठायी वापरातूनच औषधांना न जुमानणारे जंतू माजतात. त्यांच्याविरुद्ध केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा काढला. पण बाटली वेळेवर नेणारा माणूसच कक्षात नसेल, तर आराखडा कपाटात शोभतो. तीन कक्षांचे काम एकट्याने ओढणाऱ्या कंत्राटी कामगारावर खापर फोडणे हा तर निव्वळ कांगावा.

रुग्ण कल्याण समित्यांवर जेथे कार्यकर्ते आहेत, तेथे त्यांनी दरमहा किती नमुने दूषित निघाले याचा कक्षवार आकडा मागावा. फ्रीज, संडासातील पाणी आणि रिक्त जागांची कायम भरती यांचा ठराव मांडावा. असा आकडा ठेवलाच जात नाही, असे उत्तर मिळाल्यास तेही लेखी घ्यावे.